चिमिनिया खुशाल ठेवा, पण राख शेतात टाकण्याआधी विचारा



आज भातावर नाही, भाजीवर नाही, शेकोटीवर लिहितोय. पण विषय फिरून शेवटी शेतातच येतो, म्हणून पूर्ण वाचा.

आपल्या अंबरनाथ, बदलापूर, वांगणी पट्ट्यात फार्महाऊसं किती झालीत ते तुम्ही बघताच आहात. थंडी पडली की शनिवार-रविवार मुंबई-ठाण्याची माणसं येतात. मुंबईच्या आसपास बदलापुरात पारा सगळ्यात खाली गेला अशी बातमी हिवाळ्यात हमखास येते, आणि ती वाचून अजून माणसं येतात. या फार्महाऊसांच्या अंगणात आता एक नवीन वस्तू दिसायला लागलीय. मातीची, पोट मोठं, पुढून तोंड उघडं, वर निमुळती मान आणि खाली लोखंडी तिवई. लांबून बघितलं तर रांजणाला धुराडं फुटल्यासारखं दिसतं. तिला चिमिनिया म्हणतात.

वस्तू मूळ मेक्सिकोची. स्पॅनिश भाषेत चिमेनेआ म्हणजे धुराडं. आपण कंदिलाच्या काचेला चिमणी म्हणतो, कारखान्याच्या धुराड्यालाही चिमणी म्हणतो. तो शब्द आपल्याकडे इंग्रजीतून आला, पण तो आणि हा एकाच घराण्यातले. मेक्सिकोत ही घरात ऊब मिळावी, भाकरी-बिकरी भाजावी म्हणून वापरायचे. तिकडे खालिस्को राज्यात तोनाला आणि त्लाकेपाके ही गावं मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेली आहेत, जसा आपल्याकडे धारावीचा कुंभारवाडा. पुढे अमेरिकेतल्या लोकांनी ती बागेत नेऊन ठेवली आणि तिथून ती शोभेची म्हणून जगभर गेली.

आपल्यातले बरेच जण या वस्तूला हसतात. "आपण चूल टाकून गॅस घेतला आणि हे पैसे देऊन चूल घेतात." बोलायला बरं आहे, पण मला हसू येत नाही. वस्तू अक्कल लावून केलेली आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की तिच्या तोंडात काय जातं आणि पोटातून काय निघतं, ते आपण शेतकऱ्यांनी बघितलं पाहिजे. लाकूड आपल्या बांधावरून जातं आणि राख आपल्या शेतात येते. मधल्या मध्ये आपण गप्प राहिलो तर नुकसान आपलंच आहे.

ती चालते कशी

उघडी शेकोटी पेटवली की धूर वारा नेईल तिकडे. आज तुमच्या डोळ्यात, उद्या शेजारच्याच्या. चिमिनियात मान अरुंद असते. आतली हवा तापली की हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी पुढच्या तोंडातून गार हवा ओढली जाते. त्या ओढीने जाळ चांगला धरतो आणि धूर डोक्याच्या वरून जातो. पाणी तापवायचा तांब्याचा बंब ज्यांनी वापरलाय त्यांना हे समजावून सांगायला नको. बंबाच्या मधल्या नळीत निखारे टाकले की जो सूं आवाज येतो ना, तीच ही ओढ. सरकारने मागे निर्धूर चुली आणल्या होत्या, त्यांच्या पाइपातही हेच तत्त्व.

दुसरं म्हणजे माती. लोखंड पटकन तापतं आणि पटकन गार होतं. माती हळू तापते आणि जाळ विझला तरी बराच वेळ ऊब देत राहते. त्यामुळे थोड्या लाकडात काम भागतं. चिमिनियात मोठा जाळ करायचाच नसतो. मनगटाएवढी दोन-तीन लाकडं पुष्कळ झाली. मानेतून ज्वाला बाहेर आली म्हणजे जाळ जास्त झाला असं समजावं.

माती आपली, कुंभार पण आपला

आता ही वस्तू लोक ऑनलाइन मागवतात. लांबून येते, वाटेत तडकते, आणि मग कोणी सिमेंटने लिंपून ठेवतो. सिमेंट आणि भाजलेली माती एकसारखी फुगत नाही, दोन जाळात ते लिंपण सुटतं. मी म्हणतो, ही वस्तू आपल्या भागातल्या कुंभाराकडून का नाही करून घ्यायची?

रांजण ज्याला येतो त्याला चिमिनिया येते. पोट आणि मान वेगळी करून ओलेपणी जोडायची, थापटून सारखी करायची. मातीत नुसती चिकण माती चालत नाही, ती वाळताना आक्रसते आणि तापली की तडकते. म्हणून कुंभार मातीत राख, घोड्याची लीद, बारीक रेती घालतो. आपल्या आया-आज्या चूल घालताना वारुळाच्या मातीत भाताचं तूस आणि शेण मिसळायच्या ते याचसाठी. तूस जळून गेलं की मातीत बारीक पोकळ्या राहतात. तडा जायला लागला तर तो त्या पोकळीपाशी अडतो, पुढे पळत नाही. ही विद्या आपल्याकडे कधीची आहे.

कुंभाराचा हंगाम बघा. मार्च ते मे माठ, दिवाळीला पणत्या. पुढे थंडीत काम कमी. चिमिनियाला गिऱ्हाईक थंडीतच असतं. पावसाळ्यात माल वाळत नाही आणि आवा लावता येत नाही, म्हणून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऑर्डर गेली पाहिजे. फार्महाऊसवाले आपल्याला विचारतात, "इथे काय चांगलं मिळतं?" आपण तांदूळ सांगतो, जांभळं सांगतो. त्यात कुंभाराचं नाव पण सांगा. माती जाईल म्हणून घाबरू नका. कुंभाराला लागते ती थोडी. वीटभट्टीला खाचराची वरची माती विकतो तेव्हा आपण खरं तर जमिनीचं लोणी विकतो. ते बंद करायचं असेल तर जरूर करा, पण कुंभाराला त्यात ओढू नका.

ज्यांच्याकडे चिमिनिया आहे किंवा जे राखणदार म्हणून ती सांभाळतात, त्यांच्यासाठी चार गोष्टी:

१. पोटात आधी वाळू भरा. तोंडाच्या काठाखाली तीन-चार बोटं जागा राहील इतकी. जाळ थेट मातीच्या बुडाला लागता कामा नये.

२. नवीन चिमिनियात पहिले पाच-सहा जाळ अगदी लहान, काटक्यांचे करा. प्रत्येक वेळी पूर्ण गार होऊ द्या. मातीत मुरलेलं पाणी हळूहळू निघालं पाहिजे. एकदम मोठा जाळ केला तर आतल्या आत वाफ होते आणि भांडं फुटतं.

३. पाणी ओतून कधी विझवू नका. तापलेल्या मातीवर गार पाणी म्हणजे तडा ठरलेला. वाळू टाका किंवा आपोआप विझू द्या.

४. जून ते सप्टेंबर पडवीत ठेवा. आपल्याकडचा पाऊस मेक्सिकोची काय, कुठलीच कमी भाजलेली माती सहन करणार नाही. पावसाळ्यानंतर पुन्हा लहान जाळापासून सुरुवात करा.

लाकूड किलोवर विका, झाड उभं राहू द्या

आता मुद्द्याचं. एवढ्या अंगणांत थंडीभर जाळ होणार, तर लाकूड येणार कुठून? येणार आपल्याकडून. दलाल येतो आणि बांधावरचं अख्खं झाड बघून ठोक रक्कम सांगतो. हातात रोख दिसते आणि झाड जातं.

बदलापूरच्या जांभळाला जीआय मानांकन मिळालं. ते मिळालं कारण आपल्या वाडवडिलांनी बांधावर, ओढ्याकाठी जांभळं राखली. एक जुनं जांभूळ तोडलं तर ते पुन्हा तेवढं व्हायला एक पिढी लागते. आणि जळणाच्या भावात ते जातं किती दिवसांत? दोन-चार शनिवारांत. शिवाय कायदा आहे. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या यादीत आंबा, फणस, चिंच, मोह, ऐन, खैर, जांभूळ ही झाडं आहेत. स्वतःच्या बांधावरचं असलं तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. दलाल पैसे देऊन निघून जातो, सातबारा आपल्या नावावर असतो.

मग विकायचं काय? छाटणी विकायची. चिमिनियाला ओंडके लागतच नाहीत, मनगटाएवढी, हातभर लांबीची लाकडं लागतात. ती तर आपल्याकडे दरवर्षी पडून असतात. गिरिपुष्पाचंच घ्या. डॉ. ना. कृ. सावंत यांची चारसूत्री भात पद्धत ज्यांनी केलीय त्यांना माहीत आहे, लावणीआधी गिरिपुष्पाचा पाला खाचरात घालायचा. पाला शेतात गेला की दांडे उरतात. हे दांडे पावसाळाभर पडवीत किंवा माळ्यावर रचून ठेवा, दिवाळीनंतरच्या उन्हात वाळवा, डिसेंबरला तयार. जळायला चांगले, आणि झाड पुन्हा फुटतं. खत शेताला, दांडा शेकोटीला. सुबाभूळ, आंब्याची मेलेली फांदी, काजूची छाटणी हेही चालेल. शेवगा नको, पोकळ लाकूड, नुसतं भुरकन जातं. ओला किंवा बंद पेराचा बांबू तर अजिबात नको. पेरात वाफ कोंडून फटाक्यासारखा फुटतो, आणि मातीच्या भांड्यात तो धक्का बरा नाही.

ओलं लाकूड विकू नका. ताज्या तोडलेल्या लाकडात निम्म्याच्या आसपास पाणी असतं. ते जळताना अर्धा जाळ पाणी उडवण्यातच जातो, धूर होतो, मानेत काजळी धरते. दोन लाकडं एकमेकांवर आपटली की टणटण वाजली पाहिजेत, थपथप वाजली तर अजून वाळवा. वाळलेलं, मापात तोडलेलं, जुडी बांधलेलं लाकूड द्या आणि त्याचा भाव आपण सांगा. ठोक झाड देणारा भाव सांगू शकत नाही, वाळवून किलोवर देणारा सांगू शकतो.

राख: इथे मात्र सावध

आता ज्यासाठी हे लिहायला बसलो ते.

मागच्या थंडीत एका फार्महाऊसचा राखणदार दोन गोण्या राख घेऊन माझ्याकडे आला. "काका, खत आहे, वांग्यांना टाका, साहेबांनी फुकट द्यायला सांगितलंय." माणूस चांगला, देणारा साहेबही चांगल्या मनाचा असेल. मी गोणी उघडून हात घातला तर बोटाला स्क्रू लागला. मग स्टेपलच्या पिना, एक बिजागरी, आणि वितळून घट्ट झालेला प्लास्टिकचा निळसर गोळा. विचारलं, "काय जाळता रे?" म्हणाला, "प्लायचे तुकडे येतात टेम्पोने, स्वस्त पडतात." मी गोण्या परत दिल्या.

आपल्याजवळ उल्हासनगरला फर्निचरचं मोठं मार्केट आहे. १९४७ च्या फाळणीनंतर सिंधी लोक कल्याण कॅम्पात आले, १९४९ साली त्याचं उल्हासनगर झालं, आणि त्या लोकांनी शून्यातून धंदे उभे केले. त्यांचा मला आदर आहे. फर्निचर कुठेही केलं तरी तुकडे उरणारच, ते उरले यात कोणाचा दोष नाही. पण ते जाळायचं सरपण नव्हे, एवढं कळलं पाहिजे.

प्लायमध्ये आणि दाबून केलेल्या बोर्डात लाकडाबरोबर डिंक असतो, फॉर्मल्डिहाइडवर केलेला. तो जळताना निघणारा धूर डोळ्याला आणि छातीला वाईट. कडेला जी पट्टी चिकटवतात ती बऱ्याचदा पीव्हीसीची असते. पीव्हीसी जळालं की आम्लाचा वायू आणि डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. जुन्या दरवाजा-खिडक्यांच्या रंगात शिसं असू शकतं. आणि वाळवी लागू नये म्हणून औषध मुरवलेलं लाकूड असलं तर त्यात तांबं, क्रोम आणि आर्सेनिक असू शकतं, म्हणजे सोमल. लाकूड जळून जातं, पण धातू कुठे जाणार? राखेत बसतात. दहा किलो लाकडाची मूठ-दोन मुठी राख होते, म्हणजे विष उलट एकवटतं.

आणि ही राख भातखाचरात टाकली तर? कृषी शिकलेल्या मंडळींना हे ठाऊक आहे, पण शेतकरी बंधूंसाठी सांगतो. खाचरात पाणी साचलेलं असतं, मातीत हवा कमी होते, आणि अशा स्थितीत मातीत बांधलेलं आर्सेनिक सुटं होतं. भाताचं मूळ ते ओढून घेतं. बाकी धान्यांपेक्षा भात यात जास्त ओढाळ आहे. धातू एकदा जमिनीत गेला की पावसाने धुऊन जाईल या भरवशावर राहू नका, तो तिथेच राहतो. एका फुकटच्या गोणीसाठी एवढं ओढवून घ्यायचं का?

चांगल्या लाकडाची राख मात्र सोनं आहे. आपल्याकडे राख नवी नाही. राब भाजण्याची पद्धत आपल्या ठाणे-रायगडात पिढ्यान् पिढ्या आहे. चारसूत्रीत रोपवाटिकेला भाताच्या तुसाची काळी राख देतात, त्यातून रोपाला सिलिकॉन मिळतं आणि रोप ताठ होतं. लाकडाच्या राखेत चुना जास्त, पालाश थोडं, स्फुरद त्याहून थोडं. नत्र नसतं, ते जळताना उडून जातं. म्हणून राख म्हणजे पूर्ण खत नव्हे. वापरायची तर अशी:

- राख फक्त बिनरंगी, बिनडिंकाच्या लाकडाची. चाळणीतून चाळा. खिळा, पिन, प्लास्टिक एकदा जरी निघालं तरी अख्खी गोणी परत.
- आधी माती परीक्षण. वरकस तांबड्या जमिनी बहुधा आम्लधर्मी, तिथे राखेचा फायदा. नदीकाठच्या काळ्या जमिनीत सामू आधीच वर असेल तर राख टाकू नका, लोह-जस्त अडकून पीक पिवळं पडेल.
- गुंठ्याला ५ ते १० किलो, वर्षातून एकदा. फुकट आहे म्हणून ढीग नको.
- युरिया किंवा अमोनियाच्या खताबरोबर मिसळू नका, नत्र वास होऊन उडून जातं. मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.
- कोवळ्या रोपाच्या बुंध्याशी टाकू नका, भाजतं.
- राख पूर्ण गार झाल्याशिवाय गोणीत भरू नका. वरून गार दिसते, आत निखारा दिवसभर जिवंत राहतो.

उडवी आणि सुकं गवत

अजून एक. थंडीत आपल्या खळ्यावर भाताच्या उडव्या, पेंढ्याचे भारे असतात. पुढे जानेवारीनंतर माळावरचं गवत सुकतं आणि वणव्याचे दिवस येतात. उघड्या शेकोटीपेक्षा चिमिनियातून ठिणगी कमी उडते हे खरं, पण मानेतून एखादी उडतेच. मानेवर बारीक तारेची जाळी बसवा, खर्च किरकोळ आहे. पेंढ्यापासून निदान शंभर फूट लांब, आणि वारा पेंढ्याकडे असेल त्या रात्री पेटवूच नका. माणूस झोपायला गेला आणि जाळ चालू राहिला, असं कधी होता कामा नये.

काही जण म्हणतील

"शहरातल्यांना सांगून काय उपयोग, ते ऐकत नाहीत." मला तसं वाटत नाही. ते पोपटीला येतात, तेव्हा भांबुर्डा कुठला, मडकं कसं उपडं ठेवायचं, जाळ किती वेळ द्यायचा, सगळं आपल्यालाच विचारतात आणि आपण सांगू तसं करतात. त्यांना माहिती नाही, एवढंच. प्लाय जाळताना आपली पोरं तो धूर घेतायत हे कळलं तर कोणता बाप जाळेल?

"चांगलं लाकूड महाग पडतं, म्हणून प्लाय जाळतात." मान्य. म्हणूनच वाळलेल्या छाटणीची जुडी आपण वेळेवर आणि बरोबर भावात दिली पाहिजे. आपण दिली नाही तर टेम्पो येणारच.

"सरळ बंदी आणा." शेकोटीवर बंदी आणायला निघालात तर पहिली आपलीच विझेल. पहाटे पाण्याच्या पाळीला गेलेला माणूस हात कशावर शेकणार?

तेव्हा मंडळी, यंदा तीन गोष्टी ठरवा. उभं झाड जळणाला द्यायचं नाही, वाळलेली छाटणी द्यायची. फार्महाऊसवाल्याला आपल्या कुंभाराचा पत्ता द्यायचा. आणि राखेची गोणी दारात आली की आधी हात घालून बघायचं आणि विचारायचं, "काय जाळलंत?" उत्तर नीट आलं नाही तर गोणी परत.

कृषी सहायक आणि कृषी पदवीधर मंडळी हे पान वाचतात. त्यांना विनंती, वेगवेगळ्या राखेचा सामू आणि धातू तपासून कोणी आकडे दिले तर इथे जरूर टाका. आणि गिरिपुष्पाचे दांडे कोणी विकत असेल तर भाव काय मिळाला ते लिहा, सगळ्यांच्या कामी येईल.

जय जवान, जय किसान.